हाताने उघडायचं दार

देगूच्या मेट्रोत, डब्याच्या दाराजवळ एक सूचना लावलेली असते. मजकूर कोरियन असला तरी चित्रं कुणालाही कळतील अशी आहेत: झाकण उघडा, आतली मूठ ओढा, दोन्ही हातांनी दार बाजूला सरकवा. अशा सूचना जगभरच्या मेट्रोत असतात आणि प्रवासी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. देगूतही रोजचा प्रवासी मोबाइलमध्येच डोकं घालून बसलेला असतो. फरक इतकाच की त्याला थांबवून विचारलं, तर ती मूठ कशासाठी आहे आणि कधीपासून आहे हे तो सांगू शकतो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'पायाखालचं' हा विषय दिला, तेव्हा मला याच मेट्रोची पहिली लाइन आठवली. दक्षिण कोरिया म्हटलं की आपल्याकडे सोलच्या पलीकडे कुणी जात नाही. देगू हे आग्नेयेकडचं, डोंगरांच्या खोलगट वाटीत वसलेलं, तेवीस-चोवीस लाख वस्तीचं शहर. एकेकाळचं कापडगिरण्यांचं. सॅमसंगची सुरुवातही इथलीच. १९३८ मध्ये सुरू झालेली ती एक व्यापारी पेढी होती. उन्हाळ्यात हे शहर असं तापतं की कोरियन लोक त्याची थट्टा करतात. मी गेले तेव्हा जून संपत आला होता. रस्त्यावर उभं राहवत नव्हतं, त्यामुळे जमिनीखाली जायला वेगळं निमित्त लागलं नाही.

या टोकापासून त्या टोकापर्यंत

पहिला मार्ग नैऋत्येला सुरू होतो, शहराच्या मध्यातून जातो आणि पूर्वेला बाहेर पडतो. पहिला तुकडा नोव्हेंबर १९९७ मध्ये सुरू झाला, १९९८ मध्ये तो पूर्वेला आनशिमपर्यंत गेला, २०१६ मध्ये पश्चिमेला दोन स्थानकं वाढली. डिसेंबर २०२४ मध्ये लाइन शहराची हद्द ओलांडून हायांगला पोचली. आता एकूण ३५ स्थानकं आहेत आणि पूर्वेकडचा नवा तुकडा सोडला तर सगळा प्रवास जमिनीखालून. आयांग्यो आणि दोंगचोन या स्थानकांच्या मधे वर गुम्हो नदी वाहते. खाली डब्यात तिचा पत्ताही लागत नाही.

माझ्या सोबतीला कोल्हापूरचा एक संशोधक होता. शिवाजी विद्यापीठातून पदार्थविज्ञानात किंवा रसायनशास्त्रात पीएचडी करून कोरियात पोस्टडॉकला जाणाऱ्या पोरांची एक वाटच पडली आहे. हा त्यांतलाच. हायांगच्या बाजूच्या एका विद्यापीठात प्रयोगशाळा, खोली मात्र शहरात. लाइन वाढल्यापासून त्याची बसची दगदग संपली होती. "ताई, इथं कुणी ढकलत नाही," तो म्हणाला. "सुरुवातीला मला करमायचंच नाही. दार उघडलं की आधी उतरणारे उतरणार, मग हे चढणार. दादर-बिदर बघितलेल्या माणसाला वाटतं, गाडीत काहीतरी बिघडलंय."

तिकीट म्हणजे प्लास्टिकची गोल चकती. आत जाताना यंत्रावर टेकवायची, बाहेर पडताना फटीत टाकायची. ती पुन्हा दुसऱ्याच्या हाती जाते. बहुतेक लोक कार्ड वापरतात. कार्डावर १,५०० वॉन, एक स्थानक जा नाहीतर शेवटपर्यंत.

बानवोलदांगला दुसरा मार्ग छेदतो. तिथे उतरल्यावर आपण स्थानकात आहोत की बाजारात, हेच थोडा वेळ कळत नाही. वीसहून जास्त दरवाजे, कपड्यांची, चपलांची, चष्म्यांची दुकानं, डिपार्टमेंट स्टोअरमध्ये थेट उघडणारी दारं. वर गेलं की वनौषधींचा जुना बाजार. तो १६५८ पासून भरतो म्हणतात आणि वळणावरच मुळ्यासालींचा वास येतो. खाली बाकांवर म्हातारी माणसं दिवसभर बसलेली असतात. उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब, आणि येण्याजाण्याला पैसे लागत नाहीत. कोरियात ६५ वर्षांवरच्या माणसांना १९८४ पासून मेट्रो फुकट आहे. देश म्हातारा होत चालला तसा हा भार पेलेनासा झाला. देगूने २०२३ मध्ये त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला: मेट्रोचं वय दरवर्षी एकेक वर्षाने वाढवत २०२८ मध्ये ७० वर न्यायचं, आणि बदल्यात बसही फुकट करायची, ती ७५ वर्षांपासून सुरू करून उलट एकेक वर्षाने ७० पर्यंत खाली आणायची. एकीकडून वर, दुसरीकडून खाली आणि मधे गाठ. हिशोब चोख आहे. दरवर्षी वाढदिवसाला पात्रता एक वर्ष पुढे सरकलेली पाहणाऱ्याला तो कसा वाटत असेल, ते बाकावरच्या आजोबांनाच विचारायला हवं होतं. ते गाढ झोपले होते.

लोखंडी पाट्यांचा रस्ता

ही लाइन सुरू होण्याआधीच तिच्या नावावर माणसं गेली होती. मेट्रो खणताना शहराचा रस्ता बंद ठेवता येत नाही. मग रस्ता उकरायचा, खड्ड्यावर आडव्या तुळया टाकायच्या, त्यांवर लोखंडी पाट्या अंथरायच्या आणि वाहतूक पुन्हा सुरू करायची. वरून बस जाते, खाली माणसं खणत असतात. आपल्याकडेही मेट्रोच्या कामात अशा पाट्यांवरून गाडी नेताना होणारा खडखडाट मुंबई-पुण्यात बहुतेकांनी ऐकला आहे.

२८ एप्रिल १९९५ च्या सकाळी सांगइन भागात शाळा-कचेऱ्यांच्या वेळेला याच पाट्या आकाशात उडाल्या. शेजारच्या एका वेगळ्याच बांधकामावर जमिनीत भोकं पाडताना गॅसची नळी फुटली होती. गॅस गटारातून झिरपत मेट्रोच्या खड्ड्यात साठला आणि कुठल्याशा ठिणगीने पेटला. १०१ माणसं मेली. त्यांत शाळेला निघालेली बरीच मुलं होती. मेट्रोच्या कामगारांनी नळी फोडलेली नव्हती. पण त्यांच्या लांबलचक बंदिस्त पोकळीने गॅसला जागा दिली. जमिनीखाली एकाची चूक दुसऱ्याच्या खड्ड्यात जाऊन साठते.

सांगइन आज चारचौघांसारखं स्थानक आहे. वर मोठा चौक, उंच इमारती, शिकवणीला निघालेली मुलं.

सकाळी ९ वाजून ५३ मिनिटं

आठ वर्षांनी, १८ फेब्रुवारी २००३ ला, छप्पन्न वर्षांचा एक आजारी माणूस पेट्रोल घेऊन गाडीत बसला. पक्षाघाताने त्याचं अंग लुळं पडलं होतं, आयुष्यावर आणि जगावर राग होता. गाडी जुंगांग्नो स्थानकात शिरत असताना त्याने पेट्रोल पेटवलं. शेजारच्यांनी त्याला अडवायचा प्रयत्न केला. तो स्वतः वाचला, त्याला जन्मठेप झाली आणि पुढच्या वर्षी तो तुरुंगात मेला.

मरणाऱ्यांची संख्या १९२. पण ज्या गाडीत आग लागली, तिच्यातले बहुतेक लोक बाहेर पडले होते. गाडी स्थानकात उभी होती, दारं उघडी होती. मेली ती मुख्यतः समोरून आलेल्या दुसऱ्या गाडीतली माणसं. या दुर्घटनेतली खरी शिकवण इथेच आहे.

पहिल्या गाडीच्या चालकाने आगीची खबर नियंत्रण कक्षाला दिली नाही. कक्षातल्या माणसांना पडद्यांवर काय चाललं आहे ते वेळेवर उमगलं नाही. समोरच्या गाडीला 'जपून जा' एवढंच सांगितलं गेलं, आणि ती चार मिनिटांच्या आत जळत्या गाडीच्या शेजारी येऊन उभी राहिली. दारं उघडली, धूर आत आला, दारं लावली. गाडी पुढे काढायची तर वीज गेलेली; आग लागली की विद्युतपुरवठा आपोआप तुटतो, ती सुरक्षेचीच तजवीज. चालक वरच्यांना विचारत राहिला. प्रवाशांना थांबायला सांगितलं गेलं आणि ते थांबले. शेवटी चालकाने मुख्य किल्ली काढून घेतली आणि तो बाहेर पडला. किल्ली निघाली की गाडी मृत. दारं मिटलेली राहिली.

डबे जळाले कसे, हेही सांगायला हवं. आसनांत फोम, जमिनीवर विनाइल, भिंतींना प्लास्टिकचे पत्रे. सगळं स्वस्त, हलकं, पुसायला सोपं. पेटलं की धूर काळाकुट्ट आणि विषारी. जुंगांग्नोचा फलाट जमिनीखाली तिसऱ्या मजल्यावर आहे. बाहेर पडायचा जिना तोच, आणि धुरालाही वर जायला तोच. जिना धुराड्यासारखा झाला. जी माणसं फलाटावर उतरू शकली, त्यांतली कित्येक अंधारात जिन्याकडे जातानाच पडली. आतून अनेकांनी घरी फोन लावले. मोबाइल तोवर सगळ्यांच्या हाती आलेला होता.

दार हाताने उघडायची सोय त्या डब्यांत तेव्हाही होती. ती कुठे आहे, कशी चालवायची, हे ठाऊक असलेला माणूस प्रत्येक डब्यात नव्हता. जिथे होता तिथलं दार उघडलं.

दुसऱ्या दिवशीची झाडलोट

माझ्या मते आगीनंतरचा एक प्रकार आगीइतकाच लाजिरवाणा होता. जळालेल्या गाड्या त्याच रात्री ओढून डेपोत नेल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी स्थानक धुऊन झाडून काढलं गेलं. आतला राडारोडा पोत्यांत भरून आनशिमच्या डेपोत टाकला गेला. नातेवाइकांनी ती पोती उघडून पाहिली तेव्हा त्यांत माणसांचे अवशेष आणि त्यांच्या वस्तू निघाल्या. सहा मृतांची ओळख आजवर पटलेली नाही. लाइन लवकर सुरू करायची घाई असते हे समजू शकतं. आपल्याकडेही स्फोटानंतर दुसऱ्या सकाळी लोकल धावली याचं कौतुक होतंच. देगूच्या पोत्यांबद्दल वाचल्यापासून ते कौतुक करताना माझी जीभ अडखळते.

जुंगांग्नोत आज दुसऱ्या तळमजल्यावर एक जागा राखलेली आहे. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ती लोकांसाठी उघडली. त्याआधी बरीच वर्षं ती आडोशामागे होती. काचेपलीकडे काजळीने काळी झालेली भिंत, वितळून वाकलेली टेलिफोनची पेटी, पैसे काढायचं यंत्र, सामान ठेवायचे कप्पे. काजळीवर नातेवाइकांनी लिहिलेले शब्द अजून आहेत. शेजारी नावं. वर दोंगसोंग्नो हा तरुणांचा खरेदीचा रस्ता, त्यामुळे हातात आइस कॉफी घेतलेल्या मुली काचेसमोरून बोलत जातात. एखादी थांबते, बहुतेक थांबत नाहीत. मला त्यात वावगं वाटलं नाही. रोज थांबायचं म्हटलं तर कामावर कधी पोचायचं?

प्रवाशाच्या हाती

आगीनंतर कोरियाने देशभरातल्या गाड्यांचे डबे आतून सोलून काढले. आसनं, पत्रे, जमीन, सगळं जाळ न धरणाऱ्या साहित्याचं केलं. ही पैशाची गोष्ट होती आणि पैसा खर्च झाला. त्याबरोबर झालेला दुसरा बदल मला जास्त मोलाचा वाटतो. यंत्रणेने मान्य केलं की यंत्रणा चुकू शकते. चालक गांगरेल, कक्षातल्या माणसाला दिसणार नाही, वीज जाईल. तेव्हा शेवटचा उपाय प्रवाशाच्या हाती असला पाहिजे, आणि तो त्याला ठाऊक असला पाहिजे.

कोल्हापूरच्या संशोधकाने मला एका फलाटावरून चालत नेऊन एकेक गोष्ट दाखवली. काचेच्या कपाटात धुरातून बाहेर पडायचे मास्क. बॅटरीचे दिवे. जमिनीलगत अंधारात उजळणाऱ्या खुणा, कारण धूर वर साठतो आणि माणूस रांगत असतो. डब्यात आग विझवायची नळकांडी, चालकाशी बोलायचं बटण, आणि ती मूठ. फलाटाच्या कडेला आता काचेची दारं आहेत. कुणी रुळांवर पडू नये म्हणून ती बसवली, पण त्यांनी एक नवा पेच आणला. गाडी नेमक्या जागी न थांबता मधेच थांबली, तर डब्याचं दार उघडून समोर बंद काच. म्हणून दारांच्या मधल्या काचाही आडवा दांडा असलेल्या ठेवायच्या, आतून ढकललं की उघडायला हव्यात. कोरियात अनेक ठिकाणी या काचा जाहिरातींसाठी पक्क्या बसवलेल्या होत्या. जाहिरातीचे पैसे मिळत होते. त्या काढून उघडणाऱ्या बसवायला पुढे सरकारला मागे लागावं लागलं.

म्योंगदोकला उतरलं तर तिसरा मार्ग मिळतो. ती मोनोरेल, २०१५ पासून सुरू झालेली, घरांच्या वरून जाणारी. लोकांच्या खिडक्यांजवळून जाताना तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, म्हणजे कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावता येत नाही. पर्यटक त्यावरच खूश असतात. मला रस होता तो डब्यातल्या एका बंद पेटीत. तिच्यात नागमोडी कापडी बोगदा आहे. गाडी उंचावर अडकली तर त्यातून घसरत खाली उतरायचं. गाडी चालकाविना धावते, तरी डब्यात गणवेशातला एक माणूस असतो. गाडी चालवणं त्याच्याकडे नाही, प्रवाशांकडे बघणं आहे. २००३ पाहिलेल्या शहराने चालक काढला तरी माणूस काढला नाही.

डोंगरातली शिकवणी

पालगोंगसानच्या पायथ्याशी नागरी सुरक्षेचं एक केंद्र आहे, २००८ च्या अखेरीस उघडलेलं. शाळांच्या बस येऊन लागतात. आगीत जळालेला खरा डबा इथे ठेवलेला आहे. मुलांना तो दाखवतात, मग नकली डब्यात बसवतात. दिवे जातात, धूर सोडतात, कर्कश भोंगा वाजतो. मुलांनी मूठ ओढायची, दार सरकवायचं, फलाटावर उतरून एक हात भिंतीला लावून वाकून बाहेर पडायचं. मी पाहिलेल्या तुकडीत एक मुलगा मुठीला लोंबकळलाच, दार हलेना. मागच्या मुलीने त्याला बाजूला सारून सगळी ताकद लावली आणि ते सरकलं. बाहेर आल्यावर सगळी पोरं खिदळत होती. शिकवणारा मात्र हसला नाही. त्याने त्या मुलाला परत आत नेलं आणि दार पुन्हा उघडायला लावलं.

आपल्याकडे आता मुंबईत आरेपासून कफ परेडपर्यंत जमिनीखालची लाइन धावते, पुण्यात स्वारगेटला जमिनीखालून जाता येतं. फलाटांचं चकचकीतपण आपण नीट पाहिलं आहे. आणीबाणीत दार कसं उघडायचं हे शाळेतल्या मुलाला हातात धरून शिकवलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

हान नदीखाली

देगूला जाण्याआधी काहीच आठवडे सोलमध्ये या सगळ्याची परीक्षा झाली होती. ३१ मे २०२५, शनिवारची सकाळ. सोलच्या पाचव्या मार्गावर योउइनारू ते मापो हा टप्पा हान नदीखालून जातो. गाडी त्या बोगद्यात असताना साठी ओलांडलेल्या एका माणसाने जमिनीवर पेट्रोल ओतून पेटवलं. घटस्फोटाच्या निकालावर तो चिडलेला होता. हत्यार तेच, राग तसाच, आणि इथे तर स्थानकही नव्हतं. वर नदी, दोन्हीकडे बोगदा.

गाडीत ४०० हून जास्त माणसं होती. ती डब्यांतून मागेपुढे पळाली, कुणी चालकाला खबर दिली, गाडी थांबली. प्रवाशांनी मुठी ओढून दारं उघडली आणि ते रुळांवर उतरून बोगद्यातून चालत गेले. चालकाने आणि काही प्रवाशांनी नळकांडी घेऊन आग विझवली. काही जणांना धुरामुळे दवाखान्यात न्यावं लागलं. मृत्यू एकही नाही. पेट्रोल जळलं, पण आसनांनी, पत्र्यांनी, जमिनीने जाळ धरला नाही, आणि दारापाशी उभ्या असलेल्या माणसांनी कुणाच्या हुकुमाची वाट पाहिली नाही.

देगूत मी ज्यांच्या ज्यांच्याशी बोलले, त्यांनी सोलचा विषय आपणहून काढला. अभिमानाने असं नाही म्हणता येणार. हिशोब मांडल्यासारखा.

नावाचं भांडण

पालगोंगसानच्या त्या केंद्राच्या नावात 'सुरक्षा' आहे, 'स्मारक' नाही. आवारातल्या शिल्पावर १९२ नावं कोरलेली आहेत, तरी कागदोपत्री तेही सुरक्षेचंच शिल्प. डोंगराच्या पायथ्याशी मंदिर, हॉटेलं, खानावळी आहेत आणि तिथल्या दुकानदारांना मृतांच्या आठवणीची जागा दारात नको होती. दरवर्षी १८ फेब्रुवारीला नातेवाईक तिथे जमतात, तेव्हा दुकानदारही निदर्शनं करायला जमतात. त्यांचं म्हणणं, केंद्र इथे होऊ द्या म्हणून शहराने पर्यटनाची जी आश्वासनं दिली होती, ती पाळली नाहीत. यात तथ्य असू शकतं. पण त्याची वसुली मृतांच्या नातेवाइकांकडून का करायची, हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही.

भांडणाचं मूळ आणखी खोल आहे. २००९ मध्ये नातेवाइकांनी ३२ मृतांच्या अस्थी या आवारातल्या झाडांखाली पुरल्या. शहराने आतून होकार दिला होता, असं ते सांगतात; शहर तो नाकारतं. नातेवाइकांच्या प्रतिनिधीवर बेकायदा दफनाचा खटला भरला गेला आणि तो निर्दोष सुटला. अस्थी तिथेच आहेत, झाडं वाढली आहेत. नावात '२·१८ स्मृती उद्यान' हे शब्द यावेत ही नातेवाइकांची मागणी पालिकेच्या टेबलावर अजून तशीच आहे. केंद्राच्या माहितीपत्रकात वेळा आणि किती वर्षांच्या मुलाला कुठला प्रयोग करता येतो हे सगळं आहे. झाडांचा उल्लेख नाही.